अर्जुन मखिजानींची पुस्तकं आकडे तपासत कशी वाचायची? (नाशिक वाचनगट)

गोदाकाठ

गटासाठी पुढचा लेखक ठरला आहे, अर्जुन मखिजानी. मुंबई विद्यापीठातून इंजिनिअरिंग, १९७२ साली बर्कलेहून डॉक्टरेट (अणुसंमीलन हा विषय), आणि पुढे अमेरिकेत 'इन्स्टिट्यूट फॉर एनर्जी अँड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च' या संस्थेत. अणुऊर्जेचे टीकाकार म्हणून ओळख, पण टीका आकडेमोड करून. म्हणूनच निवडलं.

वाचायचा क्रम असा सुचवते. आधी २००७ चं 'कार्बन-फ्री अँड न्यूक्लिअर-फ्री'. संस्थेच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येतं, त्यामुळे प्रतींची मारामारी नाही. कोळसा-तेल-वायू नको आणि अणुवीजही नको, तरी अमेरिकेचा गाडा तीस ते पन्नास वर्षांत चालता होईल का, एवढा एकच प्रश्न त्यात आहे. गंमत म्हणजे हे जमेल याबद्दल सुरुवातीला खुद्द लेखकच साशंक होते. त्यांचे जुने वरिष्ठ डेव्हिड फ्रीमन यांनी 'जमेल' असं ठामपणे म्हटल्यावर त्यांनी हिशेब मांडायला घेतला. त्यानंतर स्कॉट सालेस्का यांच्यासोबतचं 'द न्यूक्लिअर पॉवर डिसेप्शन' (१९९९). सर्वात शेवटी १९७५ चं 'एनर्जी अँड अ‍ॅग्रिकल्चर इन द थर्ड वर्ल्ड', सहलेखक अ‍ॅलन पूल. जुनं आहे, पण गावाकडच्या वाचकाला तेच जास्त जवळचं वाटेल.

अट एकच. प्रत्येक बैठकीला पुस्तकातला एक आकडा उचलायचा आणि तो नाशिकच्या मापाने मोजून आणायचा. माप म्हणून एकलहऱ्याचं औष्णिक केंद्र घेऊ. सध्याचे संच ३, प्रत्येकी २१० मेगावॉट, एकूण ६३०.

कॅल्क्युलेटर

क्रम ठीक. पण पहिल्या पुस्तकाआधी एककांचा एक तास घ्या, नाहीतर तिसऱ्या पानावर गाडी रुतते.

अमेरिकन पुस्तकांत सगळी ऊर्जा 'क्वाड'मध्ये असते. १ क्वाड म्हणजे १०^१५ बीटीयू (उष्णतेचं ब्रिटिश एकक), म्हणजे सुमारे २९३ अब्ज युनिट (युनिट म्हणजे आपलं बिलातलं, किलोवॉट-तास). २००७ च्या आसपास अमेरिकेचा वर्षाचा एकूण वापर १०० क्वाडच्या घरात होता. इथपर्यंत नुसता गुणाकार आहे. फसगत पुढे होते. हे १०० क्वाड 'प्राथमिक' ऊर्जेचे आहेत, म्हणजे बॉयलरच्या तोंडाशी मोजलेले. कोळशातल्या तीन भाग उष्णतेतून जेमतेम एक भाग वीज हातात येते, बाकीचे दोन कूलिंग टॉवर आणि धुराडं घेऊन जातात. त्यामुळे कोळशाच्या जागी सौर आलं की हातातली वीज तेवढीच राहून प्राथमिक ऊर्जेचा आकडा घसरतो. पुस्तकातली 'मागणी इतकी कमी होईल' ही विधानं वाचताना विचारायचं: ही घट खरोखरच्या काटकसरीची, की मोजण्याची जागा बदलल्याची? दोन्ही असतात. वेगळी काढल्याशिवाय वाद घालू नये.

दुसरी चूक नेहमीची, मेगावॉट आणि युनिट यांची सरमिसळ. ६३० मेगावॉट ही क्षमता. वर्षभर ६० टक्के भारांकाने (म्हणजे सरासरी क्षमतेच्या ६० टक्के) चाललं तर ६३० × ८,७६० × ०.६ म्हणजे ३३१ कोटी युनिट. तेवढेच युनिट सौरमधून हवे असतील तर आपल्याकडे १ मेगावॉट वर्षाला साडेसोळा लाख युनिटच्या आसपास देतं (१९ टक्के भारांक धरून). भागाकार करा, जवळपास २,००० मेगावॉट येतात. मेगावॉटला ४ ते ५ एकर, म्हणजे ८ ते १० हजार एकर. 'एकलहरे बंद करा, ६३० मेगावॉट सौर लावा' असं कुणी म्हटलं की हा भागाकार पुढे ठेवायचा.

ओढा_साइडिंग

कॅल्क्युलेटर दादा, हिशेब बरोबर, पण ३३१ कोटी हे जनरेटरच्या टर्मिनलवरचे. त्यातून केंद्राचा स्वतःचा खाऊ वजा करा. बॉयलर फीड पंप, कोळशाच्या चक्क्या, आयडी-एफडी पंखे (धूर ओढणारे आणि हवा ढकलणारे), कूलिंग वॉटर पंप. २१० च्या संचात हे ९ टक्क्यांच्या आसपास जातं. मग सौरचा आकडा १,८०० वर येतो. तुमच्या मुद्द्याला धक्का नाही, पण तुलना तारेवर चढलेल्या विजेची करावी.

आता कोळसा. जुन्या २१० च्या संचाला एका युनिटसाठी २,६०० किलोकॅलरी धरा. आपल्याकडे येणाऱ्या कोळशाचा उष्मांक किलोला ३,७०० धरा. भागिले की ०.७ किलो. म्हणजे एक युनिट, ७०० ग्रॅम कोळसा. एक संच पूर्ण भाराने एक तास चालला की २ लाख १० हजार युनिट आणि १४७ टन कोळसा. तिन्ही संच दिवसभर पूर्ण भाराने चालले तर साडेदहा हजार टन. मालगाडीची एक रेक साधारण ४ हजार टनांची, म्हणजे रोज अडीच ते पावणेतीन रेक रिकाम्या करायच्या. पावसाळ्यात ओला कोळसा वॅगनमध्ये चिकटून बसतो आणि टिपलरवर वॅगन उलटी केली तरी खाली येत नाही, तेव्हा हा आकडा कागदावरच राहतो.

राख ३५ टक्के धरली तर एका संचामागे तासाला ५१ टन. त्यातला मोठा भाग ईएसपीत (धुरातली राख विजेच्या भाराने ओढून घेणाऱ्या यंत्रात) पकडला जातो ती उडती राख, ती सिमेंटवाले आणि वीटवाले उचलतात. बॉयलरच्या बुडाची जाड राख पाण्यासोबत बंधाऱ्यात जाते. राखेच्या विटा करणाऱ्याला राख म्हणजे राख नव्हे, कोरडी आणि बारीकच लागते, म्हणून 'सगळी राख विकली जाते' म्हणणाऱ्याला कुठली राख ते विचारावं.

कार्बन डायऑक्साइड युनिटला साधारण १ किलो. अमेरिकन कोळशाचा उष्मांक जास्त आणि राख कमी, म्हणून पुस्तकातला 'टनामागे इतकी वीज' हा आकडा इकडे लावू नका. 'युनिटमागे इतका कार्बन' मात्र बराचसा जुळतो, कारण तो राखेवर नाही, जळणाऱ्या कार्बनवर ठरतो.

निफाडची_थंडी

पाणी राहिलं की. २०१५ च्या पर्यावरण नियमांत कूलिंग टॉवर असलेल्या जुन्या केंद्रांना मेगावॉट-तासामागे ३.५ घनमीटरची मर्यादा घातली. ६३० ला पूर्ण भारावर तासाला २२ लाख लिटर, दिवसाला सव्वापाच कोटी. गंगापूर धरणाच्या पाण्यावरून दर उन्हाळ्यात भांडण होतं, त्यात हा वाटा कुणी मोजत नाही.

गोदाकाठ

हे सगळं गटाच्या हिशेबाच्या शीटमध्ये घेतलं. पुढचा आकडा मी टाकते. २००७ च्या पुस्तकात द्रव इंधन आणि वायूसाठी जलद वाढणाऱ्या वनस्पतींवर बराच भर आहे: सूक्ष्म शैवाल, आणि सांडपाण्यावर वाढवलेली जलपर्णी. जलपर्णी म्हटल्यावर नाशिककराचे कान टवकारणारच. दसक-पंचकपासून नांदूरमध्यमेश्वरपर्यंत गोदावरीत फुकट पीक आलेलं आहे. त्याची वीज होईल?

पाणवेल

होईल, पण आधी वजनकाट्यावर ठेवा.

दहा टनांचा एक डंपर भरून जलपर्णी काढली असं धरा. तिच्यात ९४ टक्के पाणी. उरलं ६०० किलो कोरडं. त्यातला कुजू शकणारा भाग ८० टक्के, ४८० किलो. किलोला पाव घनमीटर वायू धरा (हे बऱ्यापैकी उदार आहे), म्हणजे १२० घनमीटर. छोट्या गॅस इंजिनवर घनमीटरला दीड युनिट. हाती आले १८० युनिट.

दहा टन माल उपसून, वाहून, चिरून १८० युनिट. १ किलोवॉटचं छपरावरचं सौर रोज ४ युनिट देतं, तेच काम ते ४५ दिवसांत शंभर चौरस फुटांत करतं, गाळात पाय न घालता. डंपरची ३० किलोमीटरची फेरी सात-साडेसात लिटर डिझेल खाते. तेवढ्या डिझेलवर जनरेटर चालवला तर २५ युनिट मिळाले असते. म्हणजे हिशेब तोट्यात नाही, पण नदीतून उपसणारं यंत्र, चिरणारं यंत्र आणि स्लरीचा (कालवलेल्या पातळ मालाचा) पंप जोडला की उरतं फार थोडं. म्हणून कारखाना नदीच्या काठावरच हवा. डंपरने पाणी वाहायचं आणि त्याला इंधन म्हणायचं, हा व्यवहार नव्हे.

आणि डायजेस्टरमध्ये (माल कुजवून वायू काढायच्या बंद टाकीत) काय बिघडतं ते पुस्तकात नाही. जलपर्णीच्या देठात हवेच्या पोकळ्या असतात. सबंध टाकली की ती वर तरंगते, साय धरते, त्या सायीखाली वायू अडकतो आणि आउटलेट तुंबतं. १-२ सेंटीमीटरचे तुकडे करून, चेचून, शेणाबरोबर कालवूनच घालावी लागते. मुळांना लागून आलेला गाळ तळाशी बसतो आणि दोन-तीन वर्षांत टाकीची जागा खातो, म्हणून मुळं तोडून टाकलेली बरी. कारखान्यांचं सांडपाणी मिसळणाऱ्या पट्ट्यातली जलपर्णी जड धातू शोषून घेते. तिची स्लरी द्राक्षबागेत टाकायच्या आधी तपासून घ्यायची, वासावर जायचं नाही.

मूळ मुद्दा वेगळाच आहे. जलपर्णी वाढते ती नत्र-स्फुरदावर, म्हणजे आपल्या मैलापाण्यावर. सांडपाणी नीट शुद्ध झालं तर 'इंधनाचं पीक' बंद. महापालिकेने नेमकं कशाचं नियोजन करायचं?

कॅल्क्युलेटर

पाणवेल ताई, हा डंपरचा हिशेब शीटच्या पहिल्या पानावर हवा.

मखिजानींच्या बाजूने एक सांगतो. २००७ च्या पुस्तकातला वनस्पती-इंधनाचा भाग आज सर्वात जुना झालेला आहे आणि सौरचा भाग सर्वात कमी. तेव्हा पॅनेल वॅटमागे ४ डॉलरच्या आसपास होतं. ते झपाट्याने स्वस्त होईल हे त्यांचं गृहीत तेव्हा अनेकांना भाबडं वाटलं. आज ते वॅटमागे पाव डॉलरच्याही खाली आहे. विजेच्या गाड्यांची बॅटरी ग्रिडला जोडायची कल्पनाही त्यात आहे. ज्या पानांवर तेव्हा लोक हसले ती टिकली, आणि ज्यांवर कुणी हसलं नाही ती गळाली.

जड_पाणी

इतका वेळ वाचत होतो. अणूची बाजू कुणीच मांडत नाही, म्हणून.

आधी आपल्याच बाजूची एक थाप काढून टाकतो. '१ किलो युरेनियम म्हणजे ३ हजार टन कोळसा' हे वाक्य शाळेच्या फळ्यापासून व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत फिरतं. तो हिशेब शुद्ध युरेनियम-२३५ चा आणि त्याचा कण न् कण भंगला तरचा आहे. नैसर्गिक युरेनियममध्ये २३५ चं प्रमाण ०.७ टक्के. आपल्या जड पाण्याच्या (साध्या हायड्रोजनऐवजी जड हायड्रोजन, म्हणजे ड्युटेरियम असलेलं पाणी) अणुभट्ट्यांत एका टन युरेनियममधून सुमारे ७,००० मेगावॉट-दिवस उष्णता निघते. २४ ने गुणा, २९ टक्के कार्यक्षमता लावा: १ किलोमागे ४८,७०० युनिट. ओढा_साइडिंग काकांच्या ७०० ग्रॅमने गुणा, ३४ टन कोळसा. तीन हजार नाही, चौतीस.

पण चौतीस तरी थोडे आहेत का? २२० मेगावॉटच्या भट्टीतला इंधनाचा एक जुडगा बघा. १९ नळ्या, लांबी अर्धा मीटर, आत १५ किलो युरेनियम ऑक्साइड, त्यात धातू १३.४ किलो. दोन हातांत उचलता येईल एवढा, आणि ताजा असताना हातमोजे घालून उचलतातही. त्यातून साडेसहा लाख युनिट. एकलहऱ्याचा एक संच पूर्ण भाराने तीन तास चालवायचा तर ४४० टन कोळसा लागतो. त्याच्या जागी हा एक जुडगा. भट्टीत अशा जुडग्यांच्या ३०६ वाहिन्या, प्रत्येकीत १२ जुडगे. पूर्ण भारावर रोज आठेक जुडगे बदलावे लागतात आणि ते भट्टी चालू असतानाच बदलतात, बंद करावी लागत नाही.

राख तासाला ५१ टन की दिवसाला आठ जुडगे, हा प्रश्न मखिजानींना विचारायला हवा.

गोदाकाठ

त्यांचं उत्तर पुस्तकांत आहे, आणि ते आकारमानाबद्दल नाहीच. ते म्हणतात, जुडगा बाहेर आल्यावर त्याचं करायचं काय? आपलं धोरण पुनर्प्रक्रियेचं: वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळं काढायचं आणि ते फास्ट ब्रीडरमध्ये (जाळते त्याहून जास्त इंधन तयार करणाऱ्या भट्टीत) घालायचं. मखिजानी प्लुटोनियमला ठेव मानत नाहीत, देणं मानतात. वेगळं काढायचा खर्च, राखायचा खर्च, आणि बॉम्बचा माल तयार होतो ते निराळंच.

जड_पाणी

त्यांचा देश तसा विचार करू शकतो, त्यांच्याकडे समृद्ध केलेलं युरेनियम मुबलक होतं. आपल्याकडे युरेनियम कमी आणि थोरियम भरपूर, म्हणून भाभांची तीन टप्प्यांची योजना. जड पाण्याच्या भट्टीच्या वापरलेल्या इंधनात किलोमागे ४ ग्रॅमच्या आत प्लुटोनियम असतं. तेच साठवून दुसरा टप्पा. धोरणाचं पुस्तक कुठल्या देशाच्या पोटातून आलंय ते बघून वाचावं.

हां, वेळापत्रकाबद्दल मी वकिली करणार नाही. कल्पाक्कमच्या ५०० मेगावॉटच्या ब्रीडरचं काम २००४ ला सुरू झालं, २०१० ला वीज द्यायची होती, गाभा भरायला सुरुवात झाली मार्च २०२४ मध्ये.

कॅल्क्युलेटर

वेळापत्रक हाच तर खर्चाचा गाभा आहे. जड_पाणी सर, तुमच्या जुडग्याचा मान राखून पुढचा हिशेब. अणुविजेत इंधन स्वस्त आणि भांडवल महाग. म्हणून युनिटचा दर दोन गोष्टी ठरवतात, व्याज आणि उशीर.

समजा १ मेगावॉटला १८ कोटी रुपये लागतात, व्याज न धरता. (आकडा उदाहरणापुरता. पद्धत बघा.) ८० टक्के भारांकाने वर्षाला ७० लाख युनिट. आयुष्य ४० वर्षं.

व्याज ५ टक्के असेल तर दरवर्षी भांडवलाच्या ५.८३ टक्के वसूल करायचे. १.०५ कोटी भागिले ७० लाख: युनिटला दीड रुपया.
व्याज १० टक्के झालं की वसुली १०.२३ टक्के. युनिटला २ रुपये ६३ पैसे.

भट्टी तीच, भाव वेगळा. आता उशीर जोडा. १० टक्क्यांनीच, पैसे सहा वर्षांत सारखे खर्च केले तर बांधकामातलं व्याज धरून भांडवल १.२९ पट होतं, दर ३ रुपये ३८ पैसे. बारा वर्षं लागली तर १.७८ पट, दर ४ रुपये ६९ पैसे. यात इंधन, पगार, देखभाल, भट्टी मोडायचा खर्च काहीही नाही. बारा वर्षांत सिमेंट-स्टील महागतं तेही नाही.

'द न्यूक्लिअर पॉवर डिसेप्शन' वाचताना हेच टेबल शेजारी ठेवा. त्यात १९५४ चं ल्युईस स्ट्रॉसचं (अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष) 'मीटर लावायचीही गरज पडणार नाही इतकी स्वस्त वीज' हे वाक्य घेतलंय आणि दाखवलंय की त्याच काळात जाणकारांच्या स्वतःच्या हिशेबात अणुवीज स्वस्त येत नव्हती. तेव्हाही अडचण भांडवलाचीच होती.

आपल्याकडचे अंदाज बघा. विक्रम साराभाईंच्या काळात २००० सालासाठी ४३,५०० मेगावॉटचा आकडा सांगितला गेला. २००० साली प्रत्यक्षात होते २,७२०.

ओढा_साइडिंग

आणि सौरवाल्यांचं टेबल? तिथेही व्याज तेवढंच लावा. शिवाय रात्र जोडा. संध्याकाळी ७ ते १० ला नाशिकचा भार वर जातो तेव्हा पॅनेल शून्य.

कॅल्क्युलेटर

बरोबर, सौरचं भांडवलही व्याजावरच असतं. फरक इतकाच की ते दीड-दोन वर्षांत उभं राहतं, म्हणून उशिराचा गुणक लागत नाही. आणि साठवण जोडलीच पाहिजे. आपल्या शेजारी घाटघरचा उदंचन प्रकल्प (शिल्लक विजेवर पाणी वरच्या धरणात चढवायचं, हवं तेव्हा खाली सोडून वीज करायची) आहे, १२५ चे २ संच, २५० मेगावॉट. वरचं धरण घाटमाथ्यावर भंडारदऱ्याच्या अंगाला, खालचं शहापूर तालुक्यात चोंढ्याला. सहा तास चालला तर १५ लाख युनिट. चार युनिट लावून पाणी चढवलं की तीन परत मिळतात, म्हणजे त्या १५ लाखांसाठी दुपारी २० लाख युनिट सौर शिल्लक हवं. एकलहरे संध्याकाळचे तीन तास पूर्ण भाराने देतं ते १९ लाख. म्हणजे तीन तासांच्या शिखरासाठी युनिटच्या हिशेबाने सव्वा घाटघर, मेगावॉटच्या हिशेबाने अडीच. पुस्तकातलं साठवणीचं प्रकरण वाचायचं ते याच हिशेबाने: मेगावॉट किती आणि किती तास, दोन्ही. नुसतं '२५० मेगावॉट साठवण' याला अर्थ नाही.

पाणवेल

मध्येच एक. 'न्यूक्लिअर वेस्टलँड्स' (१९९५, हॉवर्ड हू आणि कॅथरिन यिह यांच्यासोबत संपादित) कुणीतरी यादीत अणुवीज म्हणून टाकलंय. ते वीजकेंद्रांबद्दल नाही. जगभरातल्या अण्वस्त्र-कारखान्यांनी जमीन, पाणी आणि माणसं कशी बाधित केली, त्याबद्दल आहे. त्यातले आकडे तारापूरच्या वादात वापरू नयेत.

जड_पाणी

धन्यवाद ताई, हे कुणीतरी सांगायला हवंच होतं.

तारापूर निघालंच आहे, सरळ रेषेत नाशिकपासून १२० किलोमीटर. तिथे दोन जातीच्या भट्ट्या आहेत. १ आणि २ या १९६९ च्या, साध्या पाण्याच्या, उकळत्या प्रकारच्या. ३ आणि ४ जड पाण्याच्या, प्रत्येकी ५४० मेगावॉट. मखिजानींचं अलीकडचं पुस्तक ट्रिटियमवर (किरणोत्सारी हायड्रोजनवर) आहे. तो मुद्दा मुख्यतः ३ आणि ४ ला लागू. जड पाण्यातल्या ड्युटेरियमने न्यूट्रॉन गिळला की ट्रिटियम होतं, म्हणून आपल्या देशी भट्ट्यांत ते अमेरिकन भट्ट्यांपेक्षा जास्त तयार होतं. हे मी अणूच्या बाजूचा असून कबूल करतो.

वाचताना एककं सांभाळा. किरणोत्सर्ग मोजताना पुस्तक पिकोक्युरीत बोलतं, आपले अहवाल बेकरेलमध्ये. अमेरिकेत पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला २०,००० पिकोक्युरी, म्हणजे ७४० बेकरेल. जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शक मूल्य १०,००० बेकरेल. नुसते आकडे शेजारी ठेवले तर अमेरिकेचा २०,००० मोठा दिसतो, प्रत्यक्षात तो साडेतेरा पट कडक आहे. या चुकीवर वर्तमानपत्रांत मथळे झालेले आहेत, दोन्ही बाजूंनी.

ट्रिटियमचं अर्धायुष्य १२.३ वर्षं, किरण इतका दुबळा की कातडीही ओलांडत नाही. धोका पोटात गेलं तरच. ते पाण्याच्याच रेणूत बसतं, म्हणून घरच्या आरओने निघत नाही. शरीरातून निम्मं दहाएक दिवसांत बाहेर पडतं. मखिजानींचा भर त्या उरलेल्यावर आहे, जे प्रथिनं-चरबीत बांधलं जातं आणि जास्त काळ राहतं, विशेषतः गरोदरपणात. हा प्रश्न खरा आहे. त्याला 'समुद्रात विरळ होतं' हे उत्तर पुरत नाही.

निफाडची_थंडी

१९७५ च्या पुस्तकाकडे कुणी वळणार की नाही? तिथला मुद्दा सोपा आणि अजून ताजा: खेड्यातला माणूस ऊर्जा कमी वापरत नाही, कामाला येणारी ऊर्जा कमी मिळवतो. तीन दगडांची चूल ५ ते १० टक्के उष्णता भांड्याला देते, बाकी धूर. म्हणून त्यात बैल, शेण आणि गोबरगॅस यांचा हिशेब आहे.

२ घनमीटरच्या दीनबंधू (घुमटाच्या) गोबरगॅस संयंत्राला रोज ५० किलो शेण, म्हणजे चार-पाच जनावरं. तितकंच पाणी. १०० लिटर × कुजायचे ४० दिवस, टाकी ४ घनमीटरची. महिन्याला ६० घनमीटर वायू, साधारण २६ किलो एलपीजीच्या बरोबरीचा, म्हणजे दोन सिलिंडरना थोडा कमी. सहा-सात माणसांचा स्वयंपाक आरामात.

बिघडतं कुठे? पाणी जास्त घातलं की शेण न कुजताच बाहेर पडतं. पाइपाला उतार नसला की वाफेचं पाणी साचून ज्योत फडफडते. लोक बर्नर बदलतात, बदलायचा असतो पाइपाचा उतार, किंवा सर्वात खालच्या जागी पाणी काढायची तोटी बसवायची असते. आणि आमची थंडी. डिसेंबर-जानेवारीत निफाडला पारा पाचच्या खाली जातो. टाकीतलं तापमान १५ च्या खाली उतरलं की जंतू जवळजवळ संप करतात. उपाय: घुमटावर उसाच्या पाचटाचा जाड थर, शेण सकाळी न कालवता दुपारी उन्हात तापलेल्या पाण्याने कालवायचं, आणि शक्य असेल तर टाकी ५५ दिवसांच्या हिशेबाने मोठी बांधायची. निफाड-येवल्यात नेहमीच्या मापाने बांधलेलं संयंत्र हिवाळ्यात 'बंद पडलं' म्हणून सोडून देतात, ते बंद पडलेलं नसतं.

पाणवेल

द्राक्षवाल्यांसाठी एक पुस्तक सुटलं. 'मेंडिंग द ओझोन होल' (१९९५, केविन गर्नी यांच्यासोबत). ओझोनचा भाग आता बराच मार्गी लागलाय, पण शीतगृहवाल्यांनी वाचावं. मोठ्या शीतगृहांत अमोनिया असतो, त्याचा हवामानावर परिणाम शून्य, घाण वास आणि विषारीपणा हा त्याचा तोटा. लहान प्रीकूलिंग खोल्यांत आणि रीफर (थंड) कंटेनरांत आर-४०४ए हा थंडाव्याचा गॅस सापडतो. त्याचा एक किलो गळाला की ३,९२२ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता. १० किलो गळला तर ३९ टन. ग्रिडच्या विजेला युनिटमागे ०.७ किलो धरलं, तर ५६ हजार युनिट जाळल्यासारखं. छपरावर सौर लावून पुण्य कमवायचं आणि पाइपाच्या सांध्यावरच्या फ्लेअर नटमधून ते गळू द्यायचं. सीझनच्या आधी नायट्रोजन भरून दाबाची चाचणी, सांध्यांवर साबणाचं पाणी. 'दरवर्षी थोडा गॅस टॉप-अप करावाच लागतो' असं मेकॅनिक म्हणाला तर मेकॅनिक बदला. बंद चक्रात गॅस खर्च होत नसतो.

ओढा_साइडिंग

माझ्याच आकड्याला दुरुस्ती. उष्मांक ३,७०० धरला, पण तो कुठे मोजलेला हे लिहायचं राहिलं. खाणीच्या बिलावरचा एक, केंद्रात उतरल्यावरचा दुसरा, बॉयलरमध्ये जातानाचा तिसरा. वाटेत ओल आणि यार्डात पडून तापणं, यांनी उतरत जातो. बॉयलरपाशी ३,४०० उरला तर ७०० ऐवजी ७६५ ग्रॅम, आणि जड_पाणी सरांचे चौतीस टन सदतीस होतात.

गोदाकाठ

शीटमध्ये उष्मांकाचे तीन रकाने केले. पहिल्या बैठकीला 'कार्बन-फ्री'चं पहिलं निम्मं, प्रत्येकाने एक आकडा, एकक लिहून.

कॅल्क्युलेटर

एकक लिहिताना टनही तपासा. पुस्तकातला टन बऱ्याच ठिकाणी अमेरिकन, ९०७ किलोचा आहे. शीटच्या बाराव्या ओळीत तो तसाच आलाय.